अंथरणारे, उचलणारे, धुणारे

मराठीत एखादा प्रश्न वर्षानुवर्षे निकालात निघाला नाही की आपण त्यास 'भिजत घोंगडे' म्हणतो. वर्तमानपत्रांचे मथळे, विधिमंडळातील चर्चा, आपल्या अभ्यासमंडळांच्या बैठका, सर्वत्र हा प्रयोग इतका रुळला आहे की त्यातले घोंगडे आता कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. घोंगडे खरोखरच भिजले की काय होते, हे ज्याने ते एकदा तरी धुऊन वाळवले आहे त्यालाच ठाऊक असते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश इतका ओलावा हाताला न जाणवता शोषून घेते. पुढे ती पाण्यात पुरती बुडाली की घोंगडी नीट उचलायला दोन माणसे लागतात. पिळावी तर वीण ताणते, नुसती टांगावी तर आपल्याच भाराने ओघळते, घडी करून ठेवावी तर दोन दिवसांत कुबट वास सुटतो. शिवाय घोंगडी विणताना धाग्यांना चिंचोक्याची खळ दिलेली असते. पहिल्या पाण्यात ती सुटू लागते आणि सगळा ऐवज चिकट होतो. म्हणजे एकदा भिजवलेल्या घोंगडीचे काम मध्येच टाकता येत नाही आणि घाईने उरकताही येत नाही. हा वाक्प्रचार प्रथम ज्याच्या तोंडी आला तो घोंगडे पांघरणारा असेल त्याहून अधिक ते धुणारा असावा, असे आम्हांला वाटते.

हे सारे आठवण्याचे कारण खांडबारा. नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील हे गाव सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर आणि नंदुरबार यांच्या दरम्यान येते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. त्यापूर्वीच्या नकाशांत हा सगळा मुलूख पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जाई. मावची, भिल्ल, गावित, कोकणा अशा आदिवासी समाजांची येथे बहुसंख्या आहे. अशा गावी सतरंज्या, जाजमे, घोंगड्या आणि गालिचे धुण्याची एक लहानशी कार्यशाळा काढायची झाली, तर तिच्या पाठीशी कोणता इतिहास उभा राहतो? प्रश्न वरवर पाहता उद्योगखात्याचा आहे, साहित्याच्या अभ्यासकांचा नव्हे. परंतु त्याचा माग काढू लागल्यावर आम्ही पुन्हा पुन्हा भाषेपाशीच येऊन ठेपलो. अंथरणे, उचलणे आणि धुणे या तीन क्रिया आपल्या समाजाने कोणाकडे सोपवल्या आणि त्यांना कोणती नावे दिली, याची नोंद दफ्तरांपेक्षा शब्दांत अधिक चांगली टिकली आहे.

शब्दांपासूनच आरंभ करू. 'सतरंजी' हा शब्द 'शतरंज'शी जोडला जातो; बुद्धिबळाच्या पटासारखी चौकटींची वा पट्ट्यांची वीण असलेले अंथरूण ते सतरंजी. 'शतरंज' हे मुळात संस्कृत 'चतुरंगा'चे फारसी-अरबी वळण. म्हणजे आपलाच शब्द इराणात जाऊन, तेथून वेश पालटून, अंगणात अंथरायला परत आला. 'जाजम' आणि 'गालिचा' हे शब्दही फारसीतून आलेले. 'कांबळे' मात्र संस्कृत 'कंबला'चे सरळ मराठी रूप. मोठ्या सभेसाठी लागणाऱ्या लांबरुंद अंथरुणाला 'जमखाना' म्हणत. धारवाड जिल्ह्यातील नवलगुंद हे गाव अशा जमखान्यांसाठी नावाजलेले आहे आणि तेथील विणकरी प्रामुख्याने मुसलमान स्त्रियांनी जिवंत ठेवली. या शब्दांकडे एकत्र पाहिले की एक विभागणी दिसते. दरबारात आणि बैठकीत जे अंथरले जाते त्याची नावे बहुधा परकीय; मेंढपाळाच्या आणि शेतकऱ्याच्या खांद्यावर जे असते त्याची नावे देशी. दोन्ही मळतात सारखीच, पण दोन्हींच्या धुलाईची व्यवस्था कधीच सारखी नव्हती.

दरबारी अंथरुणांसाठी स्वतंत्र खातेच असे. शिवकालीन राज्यव्यवस्थेतील अठरा कारखान्यांच्या ज्या याद्या प्रचलित आहेत त्यांत खजिना, तोफखाना, नगारखाना यांच्याबरोबर 'फरासखाना' येतो. अरबी धातूचा अर्थ पसरणे, अंथरणे; त्यावरून फरास म्हणजे अंथरणारा सेवक. आपल्या घरातली 'फरशी' हीदेखील याच कुळातली. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या फर्राशखान्याचे वर्णन केले आहे. तंबू, कनाती आणि गालिचे यांची सगळी व्यवस्था त्यात येते. मराठी राज्यानेही हे खाते उचलले. तंबू-राहुट्या, जाजमे, गालिचे, लोड-तक्के सांभाळणे, झटकणे, उन्हे दाखवणे, कसर लागू न देणे, स्वारीबरोबर नेणे आणि मुक्कामी अंथरणे, ही त्याची कामे. छत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी १६७७ च्या सुमारास 'राजव्यवहारकोश' रचला तो राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. त्यात कार्यालयांचा आणि कारखान्यांचा वेगळा वर्गही आहे. तरी 'फरासखाना' हा शब्द लोकांच्या तोंडून गेला नाही. पेशवाई संपली, गालिचे गेले, पण पुण्यात बुधवार पेठेजवळच्या जागेला ते नाव चिकटून राहिले आणि आज ते पोलीस ठाण्याचे नाव म्हणून सर्वांना माहीत आहे. त्या शब्दात एक अंथरणारा माणूस दडलेला आहे, हे ठाण्यात तक्रार घेऊन जाणाऱ्याच्या मनात येत नाही, आणि येण्याचे कारणही नाही.

येथे 'कारखाना' या शब्दाकडेही थांबून पाहिले पाहिजे. आज आपण त्यातून यंत्रांचा गडगडाट ऐकतो. मध्ययुगीन अर्थ मात्र 'कामाचे खाते' असा होता: विशिष्ट वस्तूंची देखभाल, त्यासाठी नेमलेले कसबी लोक, त्यांचा हिशेब आणि त्यांचा मुख्य. त्या अर्थाने पाहता अंथरुणांच्या देखभालीची कार्यशाळा ही आपल्याकडे नवी कल्पना मुळीच नाही. ती राज्याच्या अठरा अंगांपैकी एक होती. फरक इतकाच की ती एकाच धन्यासाठी होती आणि तिथला फरास ज्या गालिच्याची निगा राखी त्यावर तो बसत नसे.

गावात फरासखाना नव्हता. तेथे परीट होता. बलुतेदारांच्या यादीत त्याचे स्थान निश्चित होते आणि त्याचा मोबदला धान्याच्या रूपात सुगीला मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ही व्यवस्था खिळखिळी होऊ लागली होती, म्हणूनच कदाचित ती इतकी नीट टिपली गेली. परटाचे काम धुण्यापुरते नव्हते. लग्नाच्या मिरवणुकीत वऱ्हाडाच्या पायांखाली कापडाच्या पायघड्या अंथरण्याचा मान आणि त्याबद्दलचा हक्क त्याच्याकडे असे. मिरवणूक पुढे सरकली की मागची पायघडी उचलून पुढे आणायची. म्हणजे दरबारात जे फरासाचे काम, तेच गावात परटाचे: अंथरणे, उचलणे आणि शेवटी धुणे. मराठीने या माणसाच्या कसबातून 'परीटघडी' हा शब्द घेतला आणि पुढे तो ज्यांचे कपडे कधी मळत नाहीत अशा वर्गाला लावला. आपल्या समीक्षेत 'परीटघडीचे लेखन' असे आपण सहज म्हणतो. घडी परटाची, पण शब्द आता परटाविषयी काहीच सांगत नाही. जी घडी ज्याने घातली त्याच्याखेरीज सर्वांचे वर्णन तिच्यामुळे होते.

राजकारणाच्या मराठीत याच क्रियेचा आणखी एक प्रयोग रूढ आहे. पक्षात आयुष्य घालवूनही ज्याला पद मिळत नाही, तो 'सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता'. निष्ठावंतांच्या तक्रारीत हा शब्दप्रयोग हमखास येतो: आम्ही सतरंज्या उचलायच्या आणि उमेदवारी उपऱ्याला. तक्रार खरीच असते. परंतु तिच्या पोटात एक गृहीतक आहे, ते म्हणजे सतरंजी उचलणे हे काम स्वभावतःच हलके, तात्पुरते, आणि त्यातून सुटका मिळणे हीच बढती. सभा संपल्यावर उचललेली ती सतरंजी पुढे कोण झटकतो, तिच्यावरचे चहाचे डाग कोण काढतो, हा प्रश्न या तक्रारीतही येत नाही.

या प्रश्नाचे सर्वांत कठोर रूप एका शाळेत दिसले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेल्या आणि १९९० साली 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने प्रसिद्ध झालेल्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेतील एक तपशील आहे. वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे आणि बसण्यासाठी स्वतःचे गोणपाट न्यावे लागे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावीत नसे. म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी पुन्हा आणायचे. आम्ही हा प्रसंग अनेकदा वर्गात शिकवला, आणि शिकवताना भर नेहमी पाण्याच्या प्रसंगावर दिला. गोणपाटाचा तपशील आमच्या हातून निसटत राहिला. अंथरुणाचा इतिहास लिहायचा तर मात्र तोच मध्यभागी येतो. स्वच्छ करण्याचे काम ज्याच्या वाट्याला आले तोही कोणाचे अंथरूण स्वच्छ करायचे आणि कोणाचे नाही हे ठरवीत होता. अंथरणारा-धुणारा सर्वांच्या खाली असतो हे अर्धेच सत्य आहे. त्याच्याही खाली कोणीतरी ठेवलेला असे, आणि त्याचे गोणपाट त्याच्याच काखेत राही. धुलाईची कोणतीही सार्वजनिक व्यवस्था उभी करताना सर्वांची अंथरुणे एका हौदात पडतील की नाही, हा प्रश्न म्हणूनच गौण नाही.

एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टींनी गालिच्यांचे जग बदलले: तुरुंग आणि रसायन. ब्रिटिश अमलात ठिकठिकाणच्या कारागृहांत कैद्यांकडून गालिचे विणून घेतले जाऊ लागले. पुण्याच्या येरवडा कारागृहाचे गालिचे त्यांपैकीच. बेळगावात जन्मलेले आणि मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाशी निगडित असलेले जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० साली भारतीय कलाकुसरीवरील आपल्या ग्रंथात या प्रकारावर कडक टीका केली. कैद्याला मजुरी द्यावी लागत नाही, त्यामुळे तुरुंगाचा माल स्वस्त पडतो आणि बाहेरचा विणकर मरतो. शिवाय नवे कृत्रिम रंग जुन्या वनस्पतिजन्य रंगांना हुसकावून लावतात, असा त्यांचा रोख होता. विल्यम पर्किनने १८५६ साली डांबरापासून पहिला कृत्रिम जांभळा रंग काढल्यानंतर हे रंग झपाट्याने पसरले. खानदेशासारख्या प्रदेशात लाल रंगासाठी 'आल' या झाडाची मुळे वापरीत. तो रंग पक्का, पण त्याची प्रक्रिया दीर्घ. नवी पूड मात्र डब्यातून काढली की तयार. आरंभीचे हे स्वस्त रंग उन्हात विटत आणि पाण्यात फुटत. धुणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठाच पालट होता. पूर्वी डाग कशाचा हे ओळखले की भागे. आता रंग कोणता हेही ओळखावे लागू लागले. लाल पट्टा शेजारच्या पांढऱ्यात उतरला की गालिचा कायमचा गेला.

याच काळात शहरांत धुलाई घाटांवर एकवटली. मुंबईच्या महालक्ष्मीचा धोबीघाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. दगडी हौदांची ती रांग महापालिकेच्या मालकीची आणि धोबी तेथे भाडेकरू. साबण आला, मग पावडर आली. 'सर्फ' भारतात १९५९ साली आला, आणि १९६९ साली शेजारच्या गुजरातेत करसनभाई पटेल यांनी 'निरमा' सुरू केला. स्वस्त पावडरींनी गरिबाच्या घरात स्वच्छता आणली हे खरेच. परंतु त्यांत धुण्याच्या सोड्याचा भरणा मोठा होता. सुताला सोडा सोसतो, लोकरीला सोसत नाही. सुती धागा ओला झाला की उलट बळकट होतो. लोकर ओली झाली की कमकुवत होते. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, क्षार आणि चोळणे ही तिन्ही एकत्र आली की खवले एकमेकांत अडकतात आणि घोंगडी आटून नमद्यासारखी होते. म्हणून परटाची भट्टी आणि दगडावरचे आपटणे ही विद्या मूलतः सुताची. लोकरीसाठी मेंढपाळांच्या आणि सणगरांच्या घरांत रिठ्याचे पाणी, थंड प्रवाह आणि सावलीतले वाळवण हीच रीत योग्य होती, आणि आजचे रसायनशास्त्रही तिच्याच बाजूने साक्ष देते.

आता खांडबाऱ्याकडे परत येऊ. हा मुलूख आडबाजूला कधीच नव्हता. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा मोगलकालीन व्यापारी मार्ग नंदुरबारवरून जाई. इंग्लंडच्या राजाचा वकील थॉमस रो १६१५ साली याच वाटेने गेला. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातून सुरत-अमळनेर रेल्वे धावू लागली आणि जंगलातले लाकूड बाहेर जाऊ लागले. पुढे माणसेही जाऊ लागली. दक्षिण गुजरातेतील, विशेषतः बारडोलीच्या, साखर कारखान्यांसाठी ऊसतोडीला जाणाऱ्या खानदेशी आदिवासी मजुरांवर यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून सविस्तर लिहिले आहे. म्हणजे या रस्त्याने गालिचे गेले, लाकूड गेले, श्रम गेले. येथे येऊन थांबले असे फारसे काही नाही.

मात्र याच टापूच्या इतिहासात स्वच्छतेचे एक वेगळे पान आहे. १९२२ साली किनारपट्टीकडून डोंगराळ भागात 'देवी'ची लाट आली. नाशिक, डांग, खानदेशाचा पश्चिम भाग आणि दक्षिण गुजरात येथील आदिवासींमध्ये ती पसरली. अंगात आलेल्या देवीच्या तोंडून आज्ञा होत: दारू सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, घर-अंगण स्वच्छ ठेवा, दारूवाल्या पारशांकडे आणि जमीनदारांकडे कामाला जाऊ नका. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द कमिंग ऑफ द देवी' या ग्रंथात तिचा इतिहास लिहिला. ही केवळ उच्चवर्णीयांची नक्कल होती असे म्हणणाऱ्यांशी ते सहमत नाहीत. ज्या मूल्यांच्या जोरावर वरचे लोक आपल्याला हीन ठरवतात ती मूल्ये आपणच हस्तगत करायची, हा तिच्यामागचा आदिवासींचा स्वतःचा निर्धार होता, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने यातली शेवटची आज्ञा महत्त्वाची आहे. स्नान करा आणि त्यांच्याकडे राबायला जाऊ नका, या दोन आज्ञा एका दमात दिल्या गेल्या. स्वच्छता म्हणजे दुसऱ्याचे मळ काढण्याची चाकरी नव्हे. आपले आपण ठरवण्याचा तो आरंभ आहे, हे तेव्हा या डोंगरांत उमगले होते.

परीट कुटुंबात जन्मलेल्या गाडगेबाबांचे (१८७६-१९५६) चरित्र यापासून फार दूर नाही. त्यांनी खराटा हाती घेतला तो कोणाच्या हुकमाने नव्हे. गाव झाडून झाल्यावर संध्याकाळी कीर्तनाला उभे राहणारा माणूस झाडण्याला आणि बोलण्याला एकाच पातळीवर आणतो. फरासखान्यात, गावगाड्यात, घाटावर आणि तुरुंगात जे कधीच झाले नव्हते ते येथे झाले: साफ करणाऱ्यालाच बोलण्याचा अधिकार मिळाला.

या साऱ्या पार्श्वभूमीवर खांडबाऱ्यातील कार्यशाळेचा विचार केला तर तिचे साहित्य अगदी साधे दिसते. पाण्याची टाकी, एका बाजूला उतार दिलेली सिमेंटची ओटी, बांबूचे मांडव, मऊ कुंचे, पाणी ओढण्यासाठी रबरी पट्टीचा झाडू आणि जमल्यास पाणी निथळवणारे फिरते यंत्र. काम क्रमाने चालते. प्रथम झटकणे, अंथरुणातील बहुतेक मळ म्हणजे कोरडी धूळच असते आणि ती ओली झाली की तिचा चिखल होतो. मग उलट बाजूच्या कोपऱ्यावर ओला पांढरा फडका दाबून रंगाची परीक्षा. फडक्यावर रंग आला तर ते काम थंड पाण्यात, थोड्या शिरक्यावर आणि झटपट. त्यानंतर सुताला साबण, लोकरीला रिठा. मग निवळ पाणी येईपर्यंत विसळणे, आणि विणीच्या दिशेने पाणी ओढून सपाट वाळवणे. नवापूर तालुक्यात पावसाळा चांगलाच असतो. त्या चार महिन्यांत छपराखाली वारा खेळेल अशी जागा नसेल तर नवे काम घेऊच नये. दख्खनच्या काळ्या खडकातील विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी जड असते, त्यात साबणाचा साका होतो. छपरावरचे पावसाचे पाणी साठवले तर दोन्ही अडचणींवर एकच तोड निघते. आणि धुतलेले पाणी ओढ्यात न सोडता निवळ-खड्ड्यातून जिरवले पाहिजे, कारण ओढ्याखाली कोणाची तरी पाणवठ्याची जागा असतेच.

गिऱ्हाईक कोण? लग्नाचे मांडव घालणारे, भजनी मंडळे, ग्रामपंचायती, प्रार्थनास्थळे, आणि शाळा-आश्रमशाळा. मुले ज्या आसनपट्ट्यांवर बसतात त्या वर्षातून किती वेळा धुतल्या जातात, हे आपण शिक्षकांनी एकमेकांना विचारून पाहावे. ठेलारी धनगरांच्या खांद्यावरची घोंगडी येथे येईल आणि नंदुरबारच्या एखाद्या दिवाणखान्यातला गालिचाही येईल. दोन्हींना वेगवेगळी रीत लागेल, पण वेगवेगळी प्रतिष्ठा लागता कामा नये.

भांडवलाची सोय नाही असे नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांची यादी आहे आणि त्यात धोबी आहे. अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य, आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाखापर्यंत व पुढे दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. अठरा हा आकडा पाहून आम्हांला अठरा कारखाने आठवले, हा योगायोग सोडून देऊ. तिच्या भाषेतील 'कुटुंबाधारित पारंपरिक व्यवसाय' हा शब्दप्रयोग मात्र सोडून देता येत नाही. जो बापाने केला तोच मुलाचा व्यवसाय, हे गावगाड्याचे सूत्र त्यातून पुन्हा ऐकू येते. खांडबाऱ्यातील मावची वा गावित तरुणाच्या कुटुंबात धुलाई कधी परंपरेने नव्हती. त्याने हे काम निवडले तर ते निवडलेले काम असेल, वाट्याला आलेले नव्हे. आमच्या मते या उपक्रमाचे खरे मोल येथे आहे, आणि त्याचा धोकाही येथेच. मालकी दुसऱ्याची आणि हात यांचे, अशी मांडणी झाली तर फरासखाना, घाट आणि तुरुंग यांच्या रांगेत आणखी एक नाव वाढेल. धुणारेच भागीदार असतील, दर फळ्यावर लिहिलेले असतील आणि पावतीवर धुणाऱ्याची सही असेल, तर काही निराळे घडेल.

शेवटी एक सावधगिरी, आपल्या क्षेत्रातली. अंबाजोगाईला दासोपंतांची (१५५१-१६१५) 'पासोडी' आहे. जवळजवळ चोवीस हात लांबीच्या कापडावर पंचीकरणाचा विषय आकृत्यांसह लिहिलेला हा मराठीतला अद्वितीय ग्रंथ आहे. तो वस्त्रही आहे आणि पोथीही. त्याच्यावरचा मळ धुऊन काढू गेल्यास अक्षरे धुतली जातील. धुणाऱ्याच्या विद्येत पाणी कधी लावायचे नाही हे कळणेही येते. जुने जमखाने, देवघरातली खंडोबाची घोंगडी, आजीच्या हातची गोधडी समोर आली की नुसते झटकून, सावलीत वारा देऊन, कडुनिंबाचा पाला घालून परत करावे. असा निर्णय हुकमाने काम करणारा नोकर घेऊ शकत नाही. आपल्या कामाचा मालक असलेला कारागीरच घेऊ शकतो.

सतरंजी कोण धुणार, हा आपल्याकडचा फार जुना भिजत पडलेला प्रश्न आहे. फरासाने, परटाने, कैद्याने आणि सताऱ्याच्या त्या वर्गातल्या मुलाने तो आपापल्या परीने वाहून नेला. भिजलेले घोंगडे वाळवण्याची रीत वर दिलीच आहे: दोन्ही टोकांना माणसे हवीत, आणि घाई नको. खांडबाऱ्यात अशी कार्यशाळा निघाली तर पहिले काम म्हणून तिने जवळच्या शाळेतल्या आसनपट्ट्या मागवाव्यात, सगळ्या एकाच हौदात धुवाव्यात आणि वाळल्यावर पोहोचवायला धुणाऱ्यानेच जावे. शाळेने त्याला बसायला त्यांतलीच एक पट्टी द्यावी.